चीनचा आधुनिक इतिहास जागेवर जाऊन शिकताना: विद्यार्थ्यांच्या गटासाठी बारा दिवसांची आखणी

विद्यार्थ्यांचा गट चीनला नेताना घोळ होतो तो बहुधा दोन गोष्टींवरून: सोमवार आणि पासपोर्टवरचं नाव. तिथली बहुतेक सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. आणि संग्रहालयाचा प्रवेश, रेल्वेचं तिकीट, हॉटेलातली नोंद, सगळं पासपोर्टच्या क्रमांकावर चालतं. या दोन खुंट्यांना कार्यक्रम घट्ट बांधला, की उरलेलं लक्ष इतिहासाला देता येतं.

ही आखणी वीस विद्यार्थी आणि तीन शिक्षक धरून केली आहे. मार्ग शांघाय, नानजिंग, बीजिंग आणि बीजिंगहून एका दिवसात जाऊन-येऊन शिजियाझुआंग, जिथे डॉ. कोटणीसांची समाधी आहे. विद्यार्थी अठरा वर्षांवरचे, म्हणजे महाविद्यालयातले असतील तर कागदपत्रं निम्मी होतात. शाळकरी मुलं असतील तर जन्मदाखला आणि आईवडिलांचं संमतीपत्र प्रत्येक टप्प्यावर लागेल असं धरूनच चाला.

निघण्यापूर्वीचा अभ्यास: नऊ सनं

चीनमध्ये आधुनिक इतिहास १८४० पासून मोजतात. पहिल्या अफू युद्धापासून १९४९ पर्यंतच्या काळाला तिथे 'अपमानाचं शतक' म्हणतात, आणि पुढची सगळी मांडणी त्या शब्दावर उभी आहे. गटातल्या प्रत्येकाला नऊ सनं तोंडपाठ हवीत. १८४२, पहिलं अफू युद्ध संपवणारा नानजिंगचा तह. १८६०, इंग्रज-फ्रेंच फौजांनी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा जाळला. १९००, परकीयांविरुद्धचा बॉक्सर उठाव. १९११, मांचू राजवट उलथवणारी क्रांती. १९१९, चार मेचं विद्यार्थी आंदोलन. १९३७, जपानचं आक्रमण. १९४९, लोकप्रजासत्ताकाची घोषणा. १९६६, सांस्कृतिक क्रांतीची सुरुवात. १९७८, आर्थिक सुधारणा.

रेल्वेचा क्रम आणि इतिहासाचा क्रम जुळत नाही, हे आधीच सांगून ठेवा. एकट्या नानजिंगमध्ये १८४२, १९१२, १९३७ आणि १९४९ एकमेकांशेजारी उभे आहेत. म्हणून एक जाड पुठ्ठ्याची पट्टी करा, तिच्यावर नऊ सनं लिहा आणि रोज रात्री त्या दिवशी पाहिलेली जागा योग्य सनाखाली नोंदवा. साधी युक्ती आहे, पण चौथ्या दिवशी सगळे राजवाडे एकसारखे दिसायला लागतात तेव्हा हीच कामी येते.

मुंबईचा धागा सुरुवातीलाच हातात द्या, म्हणजे विषय परका वाटत नाही. चीनमध्ये गेलेल्या अफूतला माळव्याचा माल मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून जाई. सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या व्यापारात कापसाबरोबर हीच अफू होती. आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानजिंगचा तह ज्या युद्धनौकेवर सही झाला, ती कॉर्नवॉलिस मुंबईच्याच गोदीत, वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली होती. १८६० आणि १९०० मध्ये बीजिंगवर चालून गेलेल्या इंग्रजी फौजांत हिंदी शिपाई होते. चिनी मार्गदर्शक हे सांगेलच असं नाही. विद्यार्थ्यांना माहीत असावं.

प्रत्येक विद्यार्थ्याला एक जागा वाटून द्या. त्याने तिथे उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, मोबाइल न पाहता. तयारीचा कागद एका पानाचा, त्यात तीन प्रश्नांची उत्तरं: इथे गोष्ट कोणत्या सनापासून सुरू केली आहे? फलकावरच्या वाक्यांत कर्ता कोण आहे, म्हणजे लोक, पक्ष, सैन्य की परकीय? आणि कोणत्या वर्षांना फलकच नाही? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. १९५८ नंतरच्या 'मोठी झेप' या माओंच्या आर्थिक मोहिमेच्या काळातला भीषण दुष्काळ आणि सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षं यांना सरकारी दालनांत अगदी थोडी जागा मिळते, आणि १९८९ मध्ये तिआनआनमेन चौकात चिरडलेलं विद्यार्थी आंदोलन तर दिसतच नाही. हे वाचन भारतातच पुरं करून जा. तिथे यजमान विद्यार्थ्यांना या विषयांवर बोलतं करायचा हट्ट धरू नका, वुईचॅट या चिनी संदेश-ॲपच्या गटावर तर मुळीच नको. तुम्ही बारा दिवसांनी परत येता, अडचण त्यांची होते. १९६२ चं युद्ध आणि सीमेचा प्रश्न तुमच्यासमोर निघेल. त्यावर कोण आणि किती बोलणार ते आधी ठरवून ठेवा.

सहा महिने आधी: तारखा

टाळायच्या तारखा आधी कॅलेंडरवरून खोडा. १ ते ७ ऑक्टोबर राष्ट्रीय दिनाची सुट्टी, १ ते ५ मे कामगार दिनाची, आणि जानेवारी-फेब्रुवारीतला वसंतोत्सव. या दिवसांत अख्खा चीन प्रवासाला निघालेला असतो, तिकिटं मिळत नाहीत आणि यजमान महाविद्यालय बंद असतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत शाळांकडे वळू नका, ७ जूनपासून तिथली विद्यापीठ प्रवेश परीक्षा असते आणि त्या दिवसांत शिक्षकांना श्वास घ्यायला फुरसत नसते. जूनच्या मध्यापासून शांघाय-नानजिंगकडे सततची झड, पुढे जुलै-ऑगस्टात नानजिंगची भट्टी.

उरतं काय? मेचे मधले दोन आठवडे किंवा दिवाळीची सुट्टी. दिवाळीला गेलात तर बीजिंगमध्ये पहाटे बऱ्यापैकी थंडी असेल, स्वेटर आणि वाऱ्याचं जाकीट दोन्ही घ्या.

आता वार. शुक्रवारी शांघायला उतरा. शनिवार-रविवार शांघाय. सोमवार नानजिंगच्या प्रवासात घालवा, मंगळवार-बुधवार नानजिंग, गुरुवारी बीजिंग. शुक्रवारी यजमान महाविद्यालय, कारण तो कामाचा दिवस हवा. शनिवारी राजवाडा आणि तिआनआनमेन चौक, रविवारी शिजियाझुआंग. दुसऱ्या सोमवारी युआनमिंगयुआन, म्हणजे १८६० मध्ये जाळलेला उन्हाळी राजवाडा, ते आता मोठं उद्यान असल्याने सोमवारीही उघडं असतं. मंगळवारी लुगौ पूल आणि रात्रीचं विमान. एक दिवस जरी मागेपुढे सरकला, तरी दोन संग्रहालयं सोमवारच्या तोंडी जातात. विमानाचं तिकीट काढण्यापूर्वी हे पुन्हा एकदा बोटावर मोजा.

तीन महिने आधी: निमंत्रणपत्र आणि व्हिसा

संस्थेच्या निमंत्रणावर जाणाऱ्या गटाला एफ प्रकारचा व्हिसा लागतो, निव्वळ पर्यटनाला एल. निमंत्रण आहे तर एफच मागा, म्हणजे अर्जात आणि विमानतळावर एकच उत्तर देता येतं. निमंत्रणपत्रात प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, येण्याजाण्याच्या तारखा, शहरं आणि खर्च कोण करणार हे लिहिलेलं असावं, आणि खाली यजमान संस्थेचा गोल लाल शिक्का. चीनमध्ये सहीपेक्षा शिक्क्याला वजन आहे. शिक्का नसलेलं पत्र नुसता कागद.

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, कोरी पानं हवीत. अर्ज ऑनलाइन भरून महाराष्ट्रातल्यांनी मुंबईच्या केंद्रात जमा करायचा. हाँगकाँगमार्गे जाताना शहरात फिरायचा मोह होईल, पण मुख्य भूमीवरून हाँगकाँगला गेलात की चीनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. परत आत यायचं तर दोन प्रवेशांचा व्हिसा लागतो.

नावाचा घोळ इथेच सोडवा. आपल्याकडे काही पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते, काहींवर वडिलांचं नाव मधल्या नावात मिसळलेलं असतं. एका तक्त्यात प्रत्येकाचं नाव पासपोर्टच्या तळाशी असलेल्या बाणांच्या दोन ओळींत जसं छापलं आहे तसंच, त्याच क्रमाने उतरवून घ्या. पुढची प्रत्येक नोंदणी याच तक्त्यावरून चिकटवा. कोणालाही स्वतःचं नाव स्वतः टाइप करू देऊ नका.

महिनाभर आधी: पैसे आणि फोन

चीनमध्ये भाजीवालाही क्यूआर कोड पुढे करतो, पण आपलं यूपीआय तिथे कामाचं नाही. अलीपे आणि वुईचॅट दोन्ही ॲप भारतातच उतरवा, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवा आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार सुरू करायला विसरू नका. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला ॲप वेगळं शुल्क घेत नाही, त्यापुढे ३ टक्के लागतात. मोठं बिल गटाने एकत्र देण्यापेक्षा चौघाचौघांत फोडलेलं बरं. वुईचॅटचं खातं उघडताना जुन्या वापरकर्त्याने तुम्हाला मान्य करावं लागतं, यजमानांपैकी कोणाला तरी आधीच विनंती करून ठेवा.

बँकेचा ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येतो. सिम बदललंत की ओटीपी गेला. म्हणून भारतीय सिम फोनमध्येच ठेवा, रोमिंग निदान संदेशांपुरतं चालू ठेवा आणि इंटरनेटसाठी ई-सिम घ्या. गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, यूट्यूब तिथल्या वायफायवर उघडत नाहीत. रोमिंग किंवा परदेशी ई-सिमवर सहसा उघडतात, कारण त्यांचा डेटा परदेशातल्या जाळ्यातून फिरून येतो. पालकांना हे आधी सांगा, नाहीतर पहिल्याच रात्री 'मुलगी फोन उचलत नाही' म्हणून सगळ्यांची झोप उडते. नकाशासाठी अमॅप, आणि भाषांतराच्या ॲपमध्ये चिनीची ऑफलाइन फाइल.

रोख प्रत्येकी ५०० ते ८०० युआन जवळ असू द्या, तीही दहा-वीसच्या नोटांत. एक युआन साधारण १२-१३ रुपये. साध्या ठिकाणी नूडल्सची वाटी १५ ते ३० युआनला येते, मेट्रोची एक फेरी ३ ते ७ युआन.

पंधरा दिवस आधी: तिकिटं

रेल्वेची तिकिटं १२३०६ या सरकारी ॲपवर प्रवासाच्या १५ दिवस आधी खुली होतात. एका नोंदणीत जास्तीत जास्त नऊच प्रवासी बसतात, म्हणजे तेवीसजणांना तीन खाती लागतील. ती खाती महिनाभर आधी उघडा, परदेशी पासपोर्टची पडताळणी व्हायला वेळ जातो. शांघाय होंगछ्याओ ते नानजिंग दक्षिण साधारण ३०० किलोमीटर, सवा ते दीड तास. नानजिंग दक्षिण ते बीजिंग दक्षिण हजार किलोमीटरहून थोडं जास्त, गाडी पाहून साडेतीन ते साडेचार तास. स्टेशनच्या नावातली दिशा नीट वाचा. 'नानजिंग' आणि 'नानजिंग दक्षिण' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मध्ये पाऊण तासाचं अंतर.

कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. फाटकावर पासपोर्ट यंत्राने वाचला नाही तर बाजूच्या माणसाच्या रांगेत जायचं. स्टेशनात शिरताना सामानाची तपासणी होते, आणि गाडीच्या वेळेआधी काही मिनिटं फाटक बंद होतं. गटाने तासभर आधी पोचावं.

राजवाड्याची, म्हणजे निषिद्ध नगरीची तिकिटं सात दिवस आधी रात्री ८ वाजता बीजिंगच्या वेळेनुसार सुटतात, आपल्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, नोव्हेंबर ते मार्च ४०. शनिवारची जागा हवी तर दोघांनी दोन फोनवर तयार बसायचं. तिआनआनमेन चौकालाही वेगळी आगाऊ नोंदणी लागते, फुकट असली तरी. राष्ट्रीय संग्रहालय आणि नानजिंगचं हत्याकांड स्मारक यांचंही तसंच. ही नोंदणी बहुतेक ठिकाणी वुईचॅटमधल्या चिनी पानावर असते, तिथे यजमानांची मदत घेणं शहाणपणाचं.

बॅगेत काय नको

पॉवर बँक तपासा. चीनमधल्या देशांतर्गत विमानात ३सी खूण (चिनी सुरक्षा प्रमाणपत्राची) नसलेली पॉवर बँक जून २०२५ पासून चालत नाही, जप्त होते. हा मार्ग रेल्वेचा आहे, पण ऐनवेळी विमान घ्यावं लागलं तर खोळंबा नको. रेल्वेत चाकू, मोठी कात्री आणि मोठे फवारे अडवतात.

भारताचा नकाशा छापलेली डायरी, दिनदर्शिका, भेटवस्तू नेऊ नका. सीमा वेगळ्या दाखवणारे नकाशे तिथले सीमाशुल्क अधिकारी काढून घेतात. ताजी फळं, दूध-तूप, मिठाई, बियाणं घरीच. दिवाळीत निघालात तर अनारशांचा डबाही घरीच राहू द्या. अफू युद्धाचा अभ्यास करायला निघालेल्यांनी खसखस घेऊन चिनी सीमाशुल्कासमोर उभं राहणं काही बरं दिसत नाही. कारखान्यात सीलबंद झालेला चिवडा, खाकरा, कोरडी चटणी चालते. औषधं मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

उपयोगी वस्तू: थर्मास, कागदी रुमालांची पाकिटं आणि सगळीकडे चालणारा प्लग. गाडीत, स्टेशनात, महाविद्यालयात उकळत्या पाण्याचे नळ असतात, थंड पिण्याचं पाणी मात्र विकत घ्यावं लागतं. सार्वजनिक शौचालयात कागद मिळेल या भरवशावर जाऊ नका.

नावं उच्चारायची कशी

इथे मराठी माणूस इंग्रजाच्या पुढे आहे. रोमन लिपीत लिहिलेल्या चिनी नावांत 'बी' आणि 'पी' यांतला फरक ब-प असा नसून आपल्या प आणि फ सारखा, नुसता महाप्राणाचा, म्हणजे जोरात हवा सोडण्याचा आहे. म्हणूनच बीजिंग खरं तर 'पेइचिंग' ऐकू येतं. 'झेड' म्हणजे 'चाक'मधला च, 'चंद्र'मधला नव्हे. 'सी' म्हणजे तोच च जोरात हवा सोडून. 'क्यू' म्हणजे छ, 'एक्स' म्हणजे जवळपास श. आडनाव आधी येतं: माओ त्झेडोंग यांचं आडनाव माओ, १९११ च्या क्रांतीचे नेते सुन यत्-सेन यांचं सुन. सुन यत्-सेन यांना चीनमध्ये सुन चोंगशान म्हणतात. कुठल्याही शहरात 'चोंगशान रस्ता' दिसला की तो त्यांच्या नावाचा.

शांघाय: दोन दिवस

पहिली सकाळ नदीकाठच्या वायतानवर, आठच्या आत. यानआन रस्त्यापासून वायबाइडू पुलापर्यंत दीड किलोमीटर, ओळीने जुन्या बँका आणि कचेऱ्या. हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराची इमारत म्हणजे १९२९ चं ससून हाउस, आता हॉटेल. पुण्याचं ससून रुग्णालय, मुंबईची ससून गोदी आणि हे छप्पर, सगळं एकाच बगदादी ज्यू घराण्याचं, आणि त्या घराण्याचा चीनमधला व्यापार वाढला तो अफू-कापसावर. जवळच १९२३ ची हाँगकाँग-शांघाय बँकेची जुनी इमारत आहे. दारातून आत गेल्यावर मान वर करा. अष्टकोनी घुमटात मोझेकमध्ये आठ शहरं काढली आहेत, लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो यांच्या पंगतीत कलकत्ता. बँकेचं जाळं कुठवर पसरलं होतं ते या एका घुमटात कळतं. इमारतीत आजही बँकच चालते. कामकाजाच्या वेळेत, चारपाचजणांनी, कॅमेरा खिशात ठेवूनच आत जावं. शनिवारी ती बंद असू शकते, म्हणून शुक्रवारी उतरल्यावरच वेळ काढा.

दुपारी शिंग्ये रस्त्यावरचं ७६ क्रमांकाचं घर. २३ जुलै १९२१ रोजी चिनी कम्युनिस्ट पक्षाचं पहिलं अधिवेशन इथे भरलं. करड्या विटांत लाल विटांचे पट्टे, दगडी चौकट, काळं लाकडी दार, असं ते जुन्या शांघायचं साधं गल्लीतलं घर. आतली खोली आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढीही नाही. तेरा चिनी प्रतिनिधी, पन्नासेक सभासद असलेला पक्ष. एक अनोळखी माणूस आत डोकावला, पोलिसांचा संशय आला आणि शेवटची बैठक जियाशिंगच्या तळ्यातल्या नावेत हलवावी लागली. विद्यार्थ्यांना इथे विचारा: ही जागा फ्रेंच वसाहतीत का? उत्तर त्यांचं त्यांना सापडू द्या. परकीयांच्या ज्या वसाहतींना पुढे अपमानाचं प्रतीक मानलं गेलं, त्यांच्याच हद्दीत चिनी सरकारचा हात पोचत नव्हता.

रविवारी सुझोऊ खाडीकाठचं सीहांग गोदाम. १९३७ च्या ऑक्टोबरअखेर चिनी सैनिकांची एक तुकडी इथे जपान्यांशी लढली. पश्चिमेच्या भिंतीवर गोळ्यांची भगदाडं जतन केली आहेत. हे सैनिक कम्युनिस्ट नव्हते, राष्ट्रवादी पक्षाचे होते. दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे 'कर्ता कोण'साठी, याहून चांगली जागा नाही. वेळ उरला तर होंगकोऊतलं ज्यू निर्वासितांचं संग्रहालय.

नानजिंग: सावकाश

सोमवारी दुपारी पोचून मिंगकालीन तटावर चाला, तो उघडा असतो. मंगळवार पूर्ण हत्याकांड स्मारकाला द्या आणि दुसरं काही ठेवू नका. १३ डिसेंबर १९३७ ला जपानी सैन्य शहरात शिरलं, पुढच्या आठवड्यांत कत्तल आणि बलात्कार झाले. भिंतीवर ३,००,००० हा आकडा कोरला आहे. टोकियोच्या युद्ध न्यायाधिकरणाने दोन लाखांहून अधिक असं म्हटलं होतं. दोन्ही आकडे विद्यार्थ्यांना माहीत असावेत, पण तो वाद स्मारकाच्या आवारात घालू नये. कपडे गडद आणि साधे, सेल्फी नाही, हसणं-बोलणं नाही. आत माणसांचे सापळे सापडले त्याच मातीत काचेखाली दिसतात. ज्यांना नको वाटेल त्यांना ते दालन टाळू द्या, एक शिक्षक त्यांच्यासोबत बाहेर थांबेल. दोन तासांनी बाहेर आल्यावर लगेच चर्चा घेऊ नका. जेवण, मोकळा वेळ, बोलणं रात्री.

बुधवारी सकाळी सुन यत्-सेन यांची समाधी. ३९२ पायऱ्या. खालून वर पाहिलं तर नुसत्या पायऱ्याच दिसतात, वर जाऊन खाली पाहिलं तर एकही पायरी दिसत नाही, फक्त सपाट टप्पे. ही वास्तुरचनेतली करामत विद्यार्थ्यांना आधी सांगू नका. दुपारी अध्यक्षीय प्रासाद: इथेच एकोणिसाव्या शतकात मांचूंविरुद्ध उठलेल्या थायपिंग बंडखोरांच्या राजाचा वाडा होता, इथेच १ जानेवारी १९१२ रोजी सुन यांनी हंगामी अध्यक्षपदाची शपथ घेतली, नंतर राष्ट्रवादी पक्षाचे नेते च्यांग काय-शेक यांची राजवट बसली आणि एप्रिल १९४९ मध्ये लाल सैन्याने दारावर झेंडा लावला. एका आवारात शंभर वर्षं. प्रवेश शुल्क साधारण ३५ युआन.

तहाची बोलणी झाली ते जिंगहाइ मंदिरही शहरातच आहे, तिथे तहावर प्रदर्शन आहे. मुंबईच्या कॉर्नवॉलिस जहाजाबद्दल ज्याने तयारी केली असेल त्याने तिथे बोलावं.

बीजिंग

पेकिंग विद्यापीठाची जुनी लाल इमारत आधी पाहा, ४ मे १९१९ चा मोर्चा समजला की तिआनआनमेन चौकाचा अर्थ बदलतो. व्हर्सायच्या तहात शानतुंगमधले जर्मनांचे हक्क चीनऐवजी जपानला दिले गेले, त्यावरून तीन हजारांवर विद्यार्थी चौकात जमले होते. या इमारतीच्या ग्रंथालयात कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, ली दाजाओ, प्रमुख होते आणि माओ काही महिने तिथे साहाय्यक.

राजवाड्यात दक्षिणेच्या दाराने आत, उत्तरेच्या दाराने बाहेर, मागे फिरता येत नाही. चुकामूक झाली तर भेटायची जागा उत्तरेच्या दाराबाहेर ठरवा. शेवटचा सम्राट पू यी यांनी फेब्रुवारी १९१२ मध्ये गादी सोडली, तरी १९२४ पर्यंत ते मागच्या भागात राहत होते. विद्यार्थ्यांचं लक्ष सोनेरी छपरांकडे जातं, त्यांना या बारा वर्षांकडे वळवा.

युआनमिंगयुआनमध्ये पाश्चात्त्य धाटणीच्या संगमरवरी वाड्यांचे पडके खांब पूर्वेकडच्या कोपऱ्यात आहेत, तिथे जायला चालणं बरंच. लुगौ पूल शहराच्या नैऋत्येला, जपानशी युद्ध पेटवणारी ७ जुलै १९३७ ची चकमक तिथली. जुन्या भागातले दगड शतकानुशतकांच्या चाकोऱ्यांनी खाचलेले आहेत. शेजारच्या वानपिंग गढीत जपानविरोधी युद्धाचं संग्रहालय आहे.

महाविद्यालयातला दिवस

भेटवस्तू दोन हातांनी द्या. घड्याळ देऊ नका, 'घड्याळ देणे'चा उच्चार अंत्यविधीला जाण्यासारखा होतो. छत्री नको, ताटातुटीचा शब्द तसाच आहे. पायताण नको, म्हणजे कोल्हापुरी चपला बाद. वारली चित्र चांगलं. बारा ते दोन तिथे जेवण आणि वामकुक्षी, तेव्हा कार्यक्रम ठेवू नका. चर्चेसाठी मोठे प्रश्न चालत नाहीत. 'तुमच्या आजीच्या लहानपणी घरात काय काय होतं?' असं विचारलं की चाळीस वर्षांचा बदल आपोआप टेबलावर येतो.

शाकाहारी मंडळींनी 'मी मांस-मासे, प्राण्यांची चरबी, ऑयस्टर सॉस, कोंबडीची पूड खात नाही, अंडं चालतं/चालत नाही' असं चिनीत लिहिलेलं कार्ड यजमानांकडून करून घ्यावं. नुसतं 'मांस नको' म्हटलं की भाजीवरचा खिमा तेवढा काढून देतात. टोमॅटो-अंडं, बटाट्याचा कीस, आणि तीन भाज्यांची दीसानश्येन (बटाटा, वांगं, ढोबळी मिरची) बहुतेक ठिकाणी मिळते. मापो तोफूत खिमा असतो. बौद्ध मंदिराजवळच्या खानावळीत कांदा-लसूणही नसतो, जैन मुलांची सोय तिथे होते.

मुक्काम हॉटेलात असेल तर पोलिसांकडची नोंद तेच करतात. कोणी यजमानांच्या घरी राहिलं तर चोवीस तासांत पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, आग ११९.

शिजियाझुआंग: सोलापूरच्या डॉक्टरांकडे

बहुतेक गट हा थांबा गाळतात. महाराष्ट्रातल्या गटाने गाळू नये. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. बाकीचे परतले, कोटणीस कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलाचं नाव यिनह्वा: 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. त्यांचं चिनी नाव ख तिह्वा, इंग्रजी अक्षरांवरून 'के दिहुआ' वाचलं तर टॅक्सीवाल्याला कळणार नाही.

बीजिंग पश्चिम स्टेशनवरून वेगवान गाडीने २८० किलोमीटर, सव्वा ते दीड तास, भाडं साधारण १३० युआन. हुतात्मा स्मशानभूमी चोंगशान रस्त्यावरच आहे. पुतळा आणि समाधी बागेत, वैद्यकीय पथकाचे फोटो-वस्तू दालनात. फुलं पांढरी किंवा पिवळी शेवंती, बाहेरच्या दुकानात मिळतात. लाल नको. तिथे समाधीपुढे तीनदा कमरेतून वाकतात, गटाने एका ओळीत उभं राहून तसंच करावं. हार-नारळाचा आग्रह नको. सोलापुरी चादर भेट द्यायची तर समाधीवर न ठेवता आधी कळवून दालनाच्या व्यवस्थापकांकडे द्या. आदल्या आठवड्यात यजमानांकडून फोन गेलेला असेल तर दालन उघडून सविस्तर दाखवतात.

सकाळी आठची गाडी, परतीची पाच-सहाच्या आसपास. रविवारी संध्याकाळी बीजिंगकडे येणाऱ्या गाड्या भरतात, म्हणून परतीचं तिकीट जातानाच्या तिकिटाआधी काढा.